पहिल्या ट्रॅक्टरचा मान

माझ्या नवऱ्याने नवरी शूट करावी तसा एक पूल शूट केला आणि त्याबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. श्रीफळ खाऊन संपलं, शाल कपाटात आहे. पाहिजे तर दाखवते. पण त्या पुलावरून पहिली ट्रॉली माझा बाप घेऊन जाणार होता, म्हणून मधलं सगळं सांगावं लागतं.

जामनेरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवऱ्याचं नाव युवराज. तो मूळचा धुळ्याकडचा, घरात अजून अहिराणीत बोलतो. बाहेरचं काम त्याचं, कॉम्प्युटरवरचं माझं. तो ड्रोन उडवतो, जमिनीवर लोळून नवरदेवाला उडी मारायला लावतो. मी मागे बसून नवरीच्या तोंडावरचे डाग घालवते, नवरदेवाचं पोट आत घेते आणि सांगतील तिथे गुलाबाच्या पाकळ्या पाडते. या धंद्यात मला एवढं पक्कं कळलंय की लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीला कोणी बघत नाही. जो तो स्वतःला शोधत असतो. सप्तपदी अख्खी कापली तरी आम्हाला फोन येत नाही. पण कोणाचे थोरले जावई दिसले नाहीत, तर माणसं स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहतात.

माझं माहेर करंजदे, रावेर तालुक्यातलं केळीचं गाव. गाव आणि हायवे यांच्या मध्ये नदी आणि नदीवर एक जुना पूल. गेल्या पावसाळ्यात कुठेतरी दुसरीकडे असाच पूल पडला, माणसं गेली, टीव्हीवर गाजलं. मग वरून आदेश आला, की सगळे जुने पूल ड्रोनने तपासा आणि तोवर जड वाहनं बंद ठेवा. करंजद्याच्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी सिमेंटचे मोठे पाइप आणून टाकले. मोटरसायकली त्यांच्या मधून जात. केळीच्या ट्रॉल्या मात्र लांबच्या, खड्ड्यांच्या रस्त्याने रावेरला जाऊ लागल्या. केळी म्हणजे काही कांद्याची गोणी नव्हे. आदळली की साल काळं पडतं आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. कटाई ऐन भरात होती. गाव चिडलं, मोर्चा निघाला. आमचे आबा, म्हणजे माझा बाप, तर पाइपावर मांडी घालून बसले. या सगळ्या गोंधळात 'पूल तपासा' असं एकही माणूस म्हणाला नाही. सगळे 'पूल सुरू करा' असंच म्हणत होते.

तपासणी खरं तर बाहेरची एक कंपनी करणार होती. तिच्याकडे काँक्रीटच्या आतलं सांगणारी यंत्रं होती म्हणे. पण तिची तारीख मिळेना आणि गावकरी तर रोज कचेरीत येऊन बसलेले. तेव्हा साहेबांना युवराजची आठवण झाली. साहेब म्हणजे पुलांच्या खात्याचे तिथले मोठे इंजिनिअर. त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न आम्ही शूट केलं होतं आणि त्यातला ड्रोनचा भाग साहेबांना फार आवडला होता. आदेशात ड्रोन लिहिलंय, युवराजकडे ड्रोन आहे, झालं काम. याच हिशोबाने न्हाव्याकडे वस्तरा आहे म्हणून त्याच्याकडून अपेंडिक्स काढून घ्यायला हरकत नसावी.

पाहणीच्या दिवशी मीही गेले, माहेरचं गाव म्हणून. पुलाच्या तोंडाशी मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, सगळं होतं. आधी ड्रोनची पूजा झाली. नारळ कोणी फोडायचा यावरून आमचे आबा आणि जीवराम नाना यांची तोंडं फिरली, म्हणून दोन नारळ फोडले. हे आबा आणि नाना म्हणजे गावातली दोन टोकं. गावात मान म्हणून जे काही असेल ते या दोघांपैकी एकाला मिळालं की दुसरा आजारी पडतो. पोळ्याला कोणाची जोडी पहिली, यावरून त्यांच्या बापांची भांडणं होती. आता गावात बैल उरले नाहीत, तर हे दोघं पोळ्याला ट्रॅक्टरला झूल घालून वेशीत आणतात आणि पहिलं कोण यावरून तासभर रस्ता अडवतात.

सरपंचबाईंनी ड्रोनला हळदकुंकू लावलं, ते नेमकं खालच्या सेन्सरवर. ड्रोन उडेना. साहेब म्हणाले, मुहूर्त टळतोय. युवराजने रुमालाला थुंकी लावून सेन्सर पुसला आणि तपासणी सुरू झाली.

तपासणी कशी झाली ती ऐका. ड्रोन वर गेला, पुलाभोवती तीन गोल घिरट्या, मग सातपुडा, मग मावळतीचा सूर्य पुलाच्या कठड्यावर टेकलेला. मग साहेब काळा गॉगल लावून पुलावरून चालत येताना, स्लो मोशनमध्ये. मग त्यांच्या मागे आबा आणि नाना, दोघंही अर्धं पाऊल पुढे राहण्याच्या खटपटीत. तिथे मृणाली नावाची एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर होती. मुक्ताईनगरच्या बुद्धविहारात तिच्या भावाचं लग्न आम्हीच शूट केलं होतं, त्यामुळे ओळख होती. ती सारखी म्हणत होती, "सर, खालून घ्यायला सांगा. प्रत्येक गाळा खालून बघायचाय. वरून काय दिसणार?"

साहेब म्हणाले, "मॅडम, आधी मान्यवर घेऊ."

खालून ड्रोन एकदाच गेला आणि तोही पूल बघायला नाही. लग्नात कमानीखालून ड्रोन काढून एकदम नवरीच्या चेहऱ्यावर आणायचा, ही युवराजची खासियत. तसाच त्याने तो मधल्या गाळ्याखालून, म्हणजे मधल्या दोन खांबांमधून, काढला आणि वर साहेबांच्या गॉगलवर आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं कॉम्प्युटरवर लावलं. गाळ्याखालच्या तुकड्यावर मी थांबले, मागे गेले, परत लावलं. मधल्या तुळईच्या पोटाला एक लांब भेग होती. एका जागी काँक्रीट फुटून निघालं होतं आणि उसवलेल्या गोधडीतून कापूस दिसावा तशा आतल्या गंजक्या सळया दिसत होत्या. मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही. पण त्या पुलावरून आमची ट्रॉली जाणार हे मला माहीत होतं.

मी युवराजला हाक मारली. त्याने लांबूनच बघितलं. "अवं, ती सावली शे. तुले बठ्ठीकडे भेगाच दिसतस."

"सावलीतून सळया निघतात का?"

"आपलं काम फोटू काढानं शे, पूल बांधानं नई," तो म्हणाला आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला निघून गेला. हा माझा नवरा. नवरीच्या नथीतला एक मोती फिरला तर त्याला शंभर पावलांवरून दिसतं.

मी तो तुकडा मृणालीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "ताई, हे वरवरचं नाही. सळया गंजून फुगल्यात आणि त्यांनी काँक्रीट फोडलंय. भरलेल्या ट्रॉल्या यावरून गेल्या तर काही खरं नाही. मी आजच वर कळवते."

तिने वर कळवलं. वरून उत्तर आलं, की ड्रोन पाहणीचा अहवाल आल्यावर योग्य तो निर्णय घेण्यात येईल. अहवाल लिहिणार साहेब. साहेब तो लिहिणार आमचा व्हिडिओ बघून. आणि व्हिडिओ कसा असावा हे सांगायला ते स्वतःच स्टुडिओत आले, चहा प्यायले, माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. गॉगलवाला भाग त्यांनी तीनदा बघितला. मग भेग आली.

"वहिनी, ही रेघ घालवा."

"साहेब, ती भेग आहे."

"असेल. वय झालं की कोणाला सुरकुत्या पडत नाहीत? तुम्ही नवरीच्या तोंडावरचं घालवताच ना? तसंच हे." आणि हसले. स्वतःच्या विनोदावर हसणारी माणसं मी लग्नांतून पुष्कळ बघितलीत, त्यांच्या तोंडावर माइक धरला की थांबत नाहीत. साहेब पुढे म्हणाले, "मांडव ठरलाय. मोठा एलईडी पडदा लावतोय. तालुक्याचे पुढारी, आपले भाऊ, येणार आहेत. आधी लोकांना व्हिडिओ दाखवायचा, मग पाइप बाजूला आणि पहिलं वाहन पुलावरून सोडायचं. लोकांना वाटलं पाहिजे की खात्याने काम केलं."

"पहिलं वाहन कोणाचं?" मी विचारलं.

"तुमच्याच वडिलांचं," साहेब म्हणाले, माझ्यावर उपकार केल्यासारखे. "भरलेली ट्रॉली, हार घातलेली. एवढा मान दुसऱ्या कोणाला देणार?"

मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन करंजद्याला गेले. ओट्यावर आबा बसले होते. अंगणात ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता आणि माझा भाऊ भटू त्याच्या चाकांना काळं पॉलिश लावत होता. चाकांना पॉलिश, म्हणजे आमच्याकडे लग्नच. मी लॅपटॉप आबांच्या मांडीवर ठेवला आणि भेगेचा तुकडा लावला. बोट ठेवून दाखवलं. "आबा, हे बघा. पुलाच्या पोटाला असं झालंय. तिथून भरलेली ट्रॉली नेऊ नका."

आबांनी चष्मा लावला, जवळ गेले, बराच वेळ बघितलं. ड्रोन भेगेखालून सरकत बाहेर आला, वर साहेब आले आणि साहेबांच्या मागे आबा आले.

"हा मीच ना वं?" आबा म्हणाले. "टोपी चांगली दिसू राह्यली. हे माह्या मोबाईलमध्ये टाक."

"आबा, भेग बघितली का?"

"कोनती भेग?"

मी परत लावलं. परत बोट ठेवलं. परत ते स्वतः पडद्यावर यायची वाट बघत बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी भटूला हाक मारून बोलावलं, टोपी दाखवायला. भटूने स्वतःला शोधलं आणि मी का नाही म्हणून तोंड पाडून परत पॉलिश लावायला गेला.

मग मी सरळच बोलले. मृणाली काय म्हणाली ते सांगितलं, पूल पडू शकतो म्हणाले, तुम्ही मराल म्हणाले. बापाला असं तोंडावर बोलायला मला फार जड गेलं. आबांनी लॅपटॉप मिटला.

"साहेबानं मले शब्द देला आहे. पहिलं ट्रॅक्टर माह्यं. आता मी मांघं सरलो तं जीवराम जाईन. मंग मले गावात तोंड दाखवाले जागा राहीन का?"

"आणि पूल पडला तर?"

"पडला तं पडला. पन पहिला जीवराम गेला, असं कोनी म्हननार नही."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. हाच माणूस मी लहान असताना मला नदीच्या पाण्यात पाऊल टाकू देत नसे. मी चिडून उठले आणि बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला जीवराम नानांचं घर. तिथेही ट्रॅक्टर धुऊन उभा होता, त्याच्या चाकांनाही पॉलिश, आणि नाना बोनेटवर गोंड्यांची माळ कशी बसते ते बघत होते.

"काय वं डिंपल, बापाले समजावाले आली का?" नाना म्हणाले. "त्याले सांग, उगी नटू नको. साहेबानं मले सांग्तलं आहे, पहिलं ट्रॅक्टर नानाचं."

तिथे मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे साहेबांनी दोघांना एकच मान वाटलाय. आणि दुसरी म्हणजे मी चुकीची गोष्ट दाखवत होते. या गावाला भेग दिसणार नव्हती. हत्तीएवढी दाखवली तरी दिसणार नव्हती. या गावाला फक्त एकच गोष्ट दिसते आणि ती मला जामनेरला बसून, आरामात, कॉम्प्युटरवर करता येत होती.

मी व्हिडिओ पूर्ण केला. भेग घालवली नाही. उलट तो तुकडा हळू केला, मोठा केला, लाल गोल काढला. कोणाला तरी दिसेल अशी माझी अजून थोडी आशा होती, हे खोटं कशाला बोलू. आणि शेवटी, लग्नाच्या व्हिडिओत 'शुभेच्छुक' येतात ना, तसा एक भाग जोडला. 'पुलावरून प्रथम वाहन नेण्याचे मानकरी.' त्यात नाव पहिलं जीवराम नानांचं टाकलं, आबांचं त्यांच्या खाली. फोटो मात्र आबांचा मोठा लावला आणि नानांचा कोपऱ्यात, तोही असा कापून की टोपी अर्धी गेली. दोन्ही घरं पेटायला एवढं पुरे होतं. युवराजने घाईत बघितलं, सूर्य आहे ना, साहेब आहेत ना, म्हणाला आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

कार्यक्रमाला अख्खं गाव. एलईडी पडदा एवढा मोठा की पलीकडची केळी त्याच्यामागे झाकली गेली. पुलाच्या तोंडाशी दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी, दोन्ही हार घातलेले, दोन्ही ट्रॉल्यांत केळीचे घड रचलेले. एका ट्रॅक्टरवर आबा फेटा बांधून बसलेले, दुसऱ्यावर नाना. तालुक्याचे भाऊ आले, भाषण झालं. तंत्रज्ञानाने आता पूलसुद्धा बोलू लागला आहे, असं ते म्हणाले. मग व्हिडिओ लागला.

सातपुडा आला. सूर्य आला. साहेबांनी मान थोडी वर केली, आता गॉगल येणार म्हणून. आणि मग भेग आली. पडद्यावर ती माणसाच्या उंचीची होती. गंजक्या सळया मनगटाएवढ्या दिसत होत्या. लाल गोल चमकत होता. तो तुकडा मी इतका हळू केला होता की तो संपतच नव्हता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी युवराजकडे बघितलं, मग लोकांकडे.

लोक काय करत होते? लोक भेगेच्या वरच्या कठड्याकडे बघत होते. तिथे ड्रोन बघायला वाकलेली डोकी दिसत होती. "तो पाहा, वना उभा." "ती कोन, आपली द्रौपदाबाई?" "अबे, माह्यी मोटरसायकल." पडद्याजवळ जाऊन एकाने भेगेवर बोट ठेवलं, मी पुढे सरकले, आणि तो म्हणाला, "ह्याच्यावर जो उभा आहे, तो मी."

मृणाली मागच्या रांगेतून उठली. ती खरंच ओरडली. "अहो, तुम्ही ती भेग बघा. पुलाची तुळई फुटलीय. यावरून गाडी नेऊ नका."

तिच्या मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, बसा. मांघल्यायले दिसत नही."

साहेबांनी लोकांचा अंदाज घेतला. कोणाच्याच लक्षात आलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या तोंडावर रंग परत चढला. भेग सरून गॉगल आला तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यांनीच वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. भेगेला टाळ्या पडल्या आणि मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले. आता सगळं त्या शेवटच्या, मानकऱ्यांच्या पाटीवर होतं.

पाटी आली.

मग आबांच्या ट्रॅक्टरच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने वाचलं, "जीवराम पहिले?" आणि लगेच नानांच्या बाजूने, "फोटो काऊन लहान? टोपी कोनं कापली?" बस. त्यापुढे कोण काय बोललं ते मला नीट ऐकू आलं नाही. आबा फेट्यासकट ट्रॅक्टरवर उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "तुम्ही मले शब्द देला होता." नाना म्हणाले, "शब्द मले देला होता." साहेब दोघांकडे बघून हात जोडू लागले. कोणीतरी खुर्ची उचलली. भाऊंना त्यांच्या माणसांनी गाडीत घातलं. आबांनी ट्रॅक्टर चालू करून सरळ नानांच्या ट्रॅक्टरसमोर आडवा घातला, नानांनी आपला मागे घेऊन ट्रॉली रस्त्यात तिरपी केली, आणि पुलाचं तोंड असं बंद झालं की सिमेंटच्या पाइपांनाही तसं करता आलं नसतं. "गेलो तं मीच पहिला जाईन. नही तं कोनीच जानार नही," आबा म्हणाले. नानांनी तेच म्हटलं. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पोलीस आले, समजूत काढायला रावेरहून मंडळी आली, सोडत काढू म्हणाले, दोघं एकदम जा म्हणाले. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी जातील एवढा पूल रुंद नव्हता. दोन्ही ट्रॉल्यांतली केळी तिथेच पिकली आणि शेळ्यांनी खाल्ली. ट्रॉल्या मात्र कोणी हलवेना. पाळी लावून माणसं बसू लागली, या गटाची या बाजूला आणि त्या गटाची त्या बाजूला. मोटरसायकलसुद्धा जाऊ देईनात, न जाणो दुसऱ्या गटाचा कोणी पहिला जायचा. सगळं गाव लांबच्या रस्त्याने केळी आदळत नेत राहिलं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मानासाठी साल काळं पडलं तर चालतं.

श्रावणात एका दुपारी पुलाचा मधला गाळा खाली आला. नदीला पाणी होतं, पुलावर कोणी नव्हतं. पुलाच्या तोंडाशी पहारा देणारी माणसं आवाजाने उठून पळाली आणि बरीच लांब गेल्यावर, आपण दुसऱ्या गटाच्या माणसांबरोबर पळतोय हे त्यांच्या लक्षात आलं, असं भटू सांगतो.

नंतरचं सगळं तुमच्या ओळखीचं आहे. साहेबांनी पेपरवाल्यांना सांगितलं, की ड्रोन पाहणीत धोका वेळीच ओळखून खबरदारीचा उपाय म्हणून पूल बंद ठेवण्यात आला होता. पुरावा म्हणून त्यांनी आमचाच व्हिडिओ दिला, लाल गोलासकट. त्यात शेवटची पाटी नव्हती. अनर्थ टाळल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला आणि त्यांच्याबरोबर युवराजचा. ती ही शाल. पडलेल्या गाळ्याचं शूटिंगही युवराजलाच मिळालं. जाताना मला विचारत होता, "सूर्य कितीले मावळस आते?" मृणालीची बदली झाली. कुठे, तर जिथे नदी नाही अशा तालुक्यात. मला तिचा फोन येतो, बरी आहे म्हणते.

आणि आबा. आबा पारावर बसून सांगतात, की पूल त्यांनी बंद ठेवला. "मी आडवा पडलो म्हनून. नही तं जीवरामासंगं किती मानसं गेली असती." लोक माना डोलावतात. नाना दुसऱ्या पारावर तेच सांगतात. या दोघांनी गाव वाचवलं, हे आता करंजद्यात ठरलंय आणि त्यावर भांडण एवढंच आहे की जास्त कोणी वाचवलं.

माझ्याशी आबा बोलत नाहीत. नाव दुसरं टाकलं म्हणून. पोरीने, पोटच्या पोरीने, भर मांडवात, त्या जीवरामाच्या खाली. मी एकदा सांगायला गेले होते, की मी ते का केलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही, उठून मळ्यात गेले. मला फार वाईट वाटलं. रडले. बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, कोणी गेलं का म्हणून. मी म्हणाले, कोणी गेलं नाही, आणि तेव्हा मला आपण काय म्हणालो ते कळलं, आणि परत रडू आलं.

परवा भटूच्या मुलाचं जावळ होतं. वरण-बट्टीची पंगत. आबा पहिल्या पानावर बसले होते, कारण नाना यायच्या आत ते जाऊन बसले होते. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. त्यांच्यासमोर आले तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाले, "कोनी तूप वाढू राह्यलं आहे का नही?"

मी वाकले आणि वाढलं. ते खाली बघून बट्टी चुरत होते, बोटं तशीच जाड, नखांत केळीचा डाग. बस म्हणायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं, म्हणून ते म्हणाले नाहीत. मी तूप ओतत राहिले.